ओझरचं विमान, नानांचा बिल्ला आणि माझी औषधांची पिशवी

"आधी विमान बघून येऊ. मग काय ते सांगतो," नाना म्हणाले, तेही डॉक्टरांच्या केबिनमध्ये बसून.

नाना म्हणजे माझे सासरे. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं होतं, की आता नुसत्या गोळ्यांवर भागायचं नाही, छाती उघडून बायपास करावी लागेल आणि ती याच महिन्यात झालेली बरी. माझा नवरा महेश लगेच म्हणाला, "कधीची तारीख देता?" आणि नाना म्हणाले, "नको." का नको? भीती वाटते? नाही. खर्चाचं टेन्शन आलंय? तेही नाही. मग काय? तर हे विमान.

डॉक्टर बिचारे चांगले होते. रिपोर्ट वाचायला चष्मा शोधत होते, फायलींखाली, ड्रॉवरमध्ये, खिशात, आणि चष्मा होता त्यांच्याच डोक्यावर सरकवलेला. तेही हसले, आम्हीही हसलो, तेवढाच ताण कमी झाला. नाना मात्र हसले नाहीत. ते डॉक्टरांच्या टेबलाकडे बघत बसले होते.

आता विमानाचं प्रकरण सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. नानांची सगळी नोकरी नाशिकजवळ ओझरला, विमानाच्या कारखान्यात फिटर म्हणून झाली. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे कल्याणला आले. तिकडच्या काही निवृत्त मंडळींनी मिळून एका शेडमध्ये जुनी विमानं मांडून छोटं संग्रहालय केलंय, त्याचे फोटो नानांच्या मोबाईलवर आले, आणि तेव्हापासून "एकदा जाऊन येऊ" चाललं होतं. आम्ही नेहमीप्रमाणे "जाऊ हो, जाऊ". आता त्यांनी बरोबर नाकच दाबलं. महेशचं म्हणणं, हे टाळायचे धंदे आहेत. त्यावरून बापलेकांत अशी काही जुंपली की दोघांचा अबोला सुरू झाला. जेवताना मीठ हवं असलं तरी माझ्यामार्फत. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "मी नेते नानांना. रविवारी. गाडीनं."

बोलून गेले खरी. मग रविवारपर्यंत रोज रात्री मोबाईलवर घाटाचा नकाशा बघत बसले.

कारण माझं सांगायचं तर, गॅस बंद केला का हे बघायला जिन्यातून परत फिरणारी बाई आहे मी. गाडी चालवते, पण भाजी मंडई आणि मुलीचा क्लास एवढ्यापुरती. घाट कधी चढलेले नाही. या ब्लॉगवर आजवर अलिबाग झालं, माथेरान झालं, सगळीकडे मी मागच्या सीटवर बसून वेफर्स खात होते. त्यामुळे "सोपा वीकेंड प्लॅन" वगैरे वाचायला आला असाल तर माफ करा. पण घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन तिकडे जायचं मनात असेल, तर थांबा, तुमच्या कामाचं बरंच आहे.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती अटींवर. गाडीत बसून जाऊ द्या, चढउतार नको, वजन उचलायचं नाही, तिखट-तेलकट नाही, आणि छातीत दुखलं की लगेच जिभेखाली गोळी. मी एक कापडी पिशवी भरली. गोळ्या, बीपीचं मशीन, सगळे रिपोर्ट, ग्लुकोज, ओला रुमाल, सुका रुमाल, साखरेच्या पुड्या. पिशवी गळ्यात अडकवली ती दिवसभर काढली नाही. नाना मला बघून म्हणाले, "शुभदा, कंडक्टर वाटतेयस अगदी."

सकाळी उजाडताच निघालो. महेश खाली आला होता. त्यानं टायर बघितले, काच पुसली, मला म्हणाला, "फोन करत राहा." नानांकडे बघितलं नाही. नानांनीही पट्टा लावण्यात फारच लक्ष घातलं होतं.

रस्ता उत्तम आहे. पडघा, शहापूर करत कसाऱ्यापर्यंत काही त्रास नाही, फास्टॅगमध्ये पैसे आहेत एवढं बघून घ्या. कसारा घाटात वर जाणारा रस्ता वेगळा आहे, समोरून गाड्या येत नाहीत, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण शेजारून ट्रक घासून जातात हे कुणी सांगितलं नव्हतं! एक कंटेनर इतका जवळून गेला की मी डोळेच मिटले. एक सेकंदभर, पण मिटले.

"डोळे उघड," नाना शांतपणे म्हणाले. "आणि दुसरा गियर टाक. इंजिन ओरडतंय."

मी दुसरा टाकला. तेवढ्यात बाजूला बघते तर नानांचा हात छातीवर. "काय झालं? दुखतंय का? थांबवू का?"

"चष्मा खिशात आहे का बघतोय. रस्त्याकडे बघ गं बाई! मला आज काही झालं तर ते तुझ्या ड्रायव्हिंगनं होईल."

असं घाटभर चाललं. त्यांचा हात छातीकडे गेला की माझी मान तिकडे. कधी कंगवा, कधी रुमाल, कधी नुसतीच सवय. इगतपुरीला चहाला थांबलो तेव्हा माझी ओढणी पाठीला चिकटली होती. बाहेर चांगली थंडी होती, धुकं होतं, लोक फोटो काढत होते.

नाशिकला मिसळ खायची की नाही हा प्रश्न होता. म्हणजे मला नव्हताच, खायची नाही. पण नाना म्हणाले, "नाशकात येऊन पोहे खाल्ले तर इथली माणसं मला ओळख दाखवणार नाहीत." तडजोड अशी झाली की त्यांनी नुसती मटकी, दही आणि पाव खायचे, तर्री माझ्या वाटीत. मी वेटरला बजावून सांगितलं. वेटर म्हणाला, "ताई, तर्रीशिवाय मिसळ म्हणजे उसळच की ओ." नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू म्हणतायत, या माणसाला तरी माझं दुःख कळलं. दोघांचं मिळून पोटभर होतं, दर ठीक आहेत, पार्किंग आहे, टॉयलेट स्वच्छ आहे. वयस्कर माणसांबरोबर हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

ओझर तिथून फार लांब नाही. नाशिकचा उड्डाणपूल संपला की दोन्हीकडे द्राक्षबागा सुरू होतात. नाना काचेला नाक लावून बसले होते. ही आमची बसची जागा, इथे पेरू मिळायचे, हा बंगला तेव्हा नव्हता. शेडचा रस्ता हायवे सोडून आत जातो. मोठा फलक वगैरे नाही, विमानाच्या पंख्याचं जुनं पातं उभं रोवून त्यावर बाण रंगवलाय. ते चुकलं की पुढे बराच वळसा पडतो. मी अर्थातच चुकले.

तिकिटाच्या टेबलाशी एक मावशी बसल्या होत्या. मोठ्यांना पन्नास, शाळेच्या मुलांना फुकट. त्यांनी नानांकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "आज्जांना सांभाळून न्या. आत फरशी लय गुळगुळीत हाय. आन् शिडीवर चढू दिऊ नका, समदे चढायला बघत्यात."

घ्या. मला नवीन काळजी.

आत गेलो. एवढं मोठं शेड, वरून पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे, आणि खाली तीन विमानं नि एक हेलिकॉप्टर. तुम्ही मोठ्या शहरातली संग्रहालयं पाहिली असतील तर इथे काचा नाहीत, दोऱ्या नाहीत, एसी नाही. दाराशी पाती काढलेलं हेलिकॉप्टर आहे, ते मुलांना बसायला. मग एक जुनं पंख्याचं, कापडी अंगाचं विमान, इतकं हलकं दिसतं की यात बसून माणसं उडायची यावर विश्वास बसत नाही. एक शिकाऊ पायलटांचं जेट. आणि शेवटी मिग, लढाऊ विमान. टोकदार नाकाचं, खरचटलेल्या रंगाचं. तेल, रबर आणि जुन्या लोखंडाचा मिळून एक वास येतो. महेशच्या लहानपणी नानांच्या डब्याच्या पिशवीला हा वास यायचा म्हणे.

नाना मिगसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता पळत जाऊन हात लावतील. नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि भोवती एक फेरी मारली. सावकाश, वाकून, पोटाखालून बघत. मी मागे मागे, खुर्ची कुठे आहे ते बघत.

"कारखान्यात होते का काका?" मागून आवाज आला. खाकी डगल्यातले एक गृहस्थ, पांढरी दाढी, हातात पुसायचं फडकं. सय्यदभाई. हेही तिथलेच निवृत्त, आता दर रविवारी शेड सांभाळतात.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"हात बघा ना, पाठीमागे. पब्लिक येते ती पहिले हात लावते. आमचा माणूस पहिले हात बांधतो."

मग काय विचारता! कारखान्यातलं कुठलं शॉप, कुठलं हँगर, कोण फोरमन, कोण आहे, कोण गेलं. माझ्या मनात आलं, बरं झालं, आता दोघं बसून गप्पा मारतील, मग घरी. पण दर रविवारी सय्यदभाई मिगच्या पोटावरचं एक झाकण उघडून लोकांना आतलं दाखवतात. ते त्याला पॅनल म्हणतात. ते म्हणाले, "काका, आज तुम्हीच दाखवा." आणि नानांच्या हातात पितळेचा एक बिल्ला दिला.

हा बिल्ला समजून घ्या, पुढे लागणार आहे. भिंतीवर एक फळा आहे. त्यावर स्क्रूड्रायव्हर, पाने, पकड, सगळी हत्यारं टांगलेली आणि प्रत्येकाच्या मागे त्याचा आकार लाल रंगात रंगवलेला. हत्यार काढलं की तो लाल आकार उघडा पडतो. आणि जो काढतो त्यानं आपला बिल्ला त्या जागी अडकवायचा. म्हणजे काय गेलंय तेही दिसतं आणि कुणाकडे गेलंय तेही. काम झालं की हत्यार परत, बिल्ला परत. फळा भरल्याशिवाय झाकण लावायचं नाही. हवेत उडणाऱ्या विमानाच्या पोटात एक पाना जरी राहिला आणि तो घरंगळत जाऊन कुठल्या तारेत अडकला तर आत बसलेल्या पोराचं काय होईल, असं नाना तिथे जमलेल्या लोकांना सांगत होते. कल्याणला गेली सात-आठ वर्षं टीव्हीसमोर बसणारे माझे सासरे. आवाजच वेगळा.

आणि मग ते शिडीवर चढले!

"नाना, नको! डॉक्टरांनी सांगितलंय ना!"

"ही शिडी आहे का? हा पाट आहे," असं म्हणून ते वर. त्यांनी फळ्यावरून एक आरसा काढून तिथे बिल्ला लावला होता. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा, लांब दांडीचा, रुपयाएवढा. पाइपांच्या मागे डोकं घालता येत नाही तिथे हा आरसा घालून बघायचं. एका हातात टॉर्च, एका हातात आरसा, आणि लोकांना एकेक करून वाकून दाखवत होते. एक बाई म्हणाल्या, "अय्या, खरंच दिसतंय की!" नाना इतके खूश झाले की मला ओरडताही येईना.

नेमका तेव्हाच महेशचा फोन.

"काय चाललंय? नाना कसे आहेत?"

"मस्त. बसलेत निवांत. खुर्चीत," मी म्हटलं. समोर नाना शिडीवर एका पायावर रेललेले. माझ्या एका हातात फोन, दुसरा हात त्यांच्या पाठीला टेकू म्हणून. महेश विचारत होता, दम लागतोय का, रंग कसा आहे, काही बोलले का ऑपरेशनचं. मी "हो हो, नाही नाही" करत होते. नाना खाली उतरताना म्हणाले, "धर गं जरा," आणि माझ्या खांद्याला धरून उतरले. मी त्यांना धरलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, नाडी बघितली. मला बघता येत नाही, तरी बघितली.

थोड्या वेळानं सय्यदभाई झाकण लावायला गेले. फळ्यासमोर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले. बाकी सगळं जागेवर होतं, आणि एका लाल आकारावर बिल्ला लटकत होता.

"काका, आरसा?"

नानांनी खिसे चाचपले. शर्टाचा, पँटचा, परत शर्टाचा. "ठेवला मी. ठेवला ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काय माहीत!

सय्यदभाई दाराशी गेले आणि मावशींना म्हणाले, "गेट लावा."

आणि खरोखर गेट लावलं. आत आम्ही बारा-पंधरा माणसं. कुणाला सप्तशृंगीला जायचं होतं, कुणाला जेवायला. कुरकुर सुरू झाली. "अहो, एका आरशासाठी?" "आम्ही काय चोर आहोत का?" सय्यदभाई हात जोडून म्हणाले, "चोर नाही हो साहेब. टूल मिळेपर्यंत कुणी जात नसतं, एवढंच. तुमच्याबरोबर मी पण अडकलोय ना." मावशी टेबलाखाली, खुर्च्यांखाली बघायला लागल्या. कुणी हेलिकॉप्टरमध्ये बघितलं.

माझं लक्ष नानांकडे होतं. चेहरा उतरलेला, कपाळावर घाम. दुपारच्या गोळ्यांची वेळ टळत होती, जेवण व्हायचं होतं, आणि मला फक्त एकच दिसत होतं, की यांना इथून बाहेर काढायचं. माझा तोल गेला. "अहो सय्यदभाई, हे विमान काय आता उडणार आहे का? पडला असेल आत तर पडू दे! मी नवीन आणून देते ना आरसा, दोन आणून देते!"

सय्यदभाईंना राग आला नाही, वाईट वाटलं असावं. "नाही उडणार ताई. पण नवीन टांगला तर फळा भरेल आणि जुना आतच राहील. मग फळ्याला अर्थ काय राहिला?"

"तिला काही बोलू नका," नाना उठत म्हणाले. "बिल्ला माझा आहे. मीच आत विसरलो असणार. मी बघतो." आणि परत शिडीकडे निघाले. त्यांचे पाय ओढत होते. "एवढी वर्षं काम केलं, कधी नाही झालं. कधी नाही," असं स्वतःशीच चाललेलं. शिडीच्या दांड्याला त्यांनी एक हात लावला आणि दुसरा हात छातीवर गेला.

मी म्हटलं, चष्मा असेल. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

कसं धावले, कसं बसवलं, मला नीट आठवत नाही. सय्यदभाईंनी मागून धरलं. मी गळ्यातली पिशवी उघडली, हात घातला, रिपोर्ट, रुमाल, मशीनची नळी, आणि गोळ्यांच्या पाकिटाबरोबर हाताला काहीतरी गार लागलं. लांब दांडी. वर ओढलं तर आरसा.

"धर गं जरा." त्यांनी मला खांदा धरू दे म्हटलं नव्हतं. आरसा धर म्हटलं होतं, आणि मी फोनवर खोटं बोलता बोलता तो पिशवीत टाकला होता.

आधी गोळी. जिभेखाली. आरसा मी जमिनीवर ठेवला. सगळी माणसं कोंडाळं करून उभी, मघाशी कुरकुरणारे गृहस्थ टोपीनं वारा घालत होते. माझे मनातल्या मनात सगळे देव करून झाले. थोड्या वेळानं नाना म्हणाले, "कमी झालं." मग डोळे उघडून जमिनीवर बघितलं आणि म्हणाले, "कुठे होता?"

"माझ्या पिशवीत," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं. लाज, भीती, सगळंच. नाना हसले हो! त्या दिवसातलं पहिलं खरं हसू. "बघा सय्यदभाई. तरी म्हटलं, मी विसरणार नाही."

सय्यदभाईंनी आरसा फडक्यानं पुसला, टांगला, बिल्ला काढला. फळा वरपासून खालपर्यंत बघितला, मग मावशींना बोलावून त्यांनाही बघायला लावला. मग झाकण. मग गेट. नाना खुर्चीतून म्हणाले, "बिल्ला ठेवू का आठवण म्हणून?" तर सय्यदभाई म्हणाले, "नाही ना काका. बिल्ले पण मोजतो आम्ही."

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून मला पाठवा. सय्यदभाई स्वतः बरोबर आले. ईसीजी आधीसारखाच होता, घरी आणा, डॉक्टर म्हणाले, पण वाट बघण्यात आता अर्थ नाही. मग महेशला फोन लावला आणि या वेळी खरं सांगितलं, शिडीसकट. तो मिळेल ती गाडी पकडून नाशिकरोडला उतरला आणि अंधार पडायच्या सुमारास सय्यदभाईंच्या घरी पोचला; दवाखान्यातून ते आम्हाला तिथेच घेऊन गेले होते. त्यांच्या घरी आम्हाला मऊ खिचडी आणि कढी मिळाली, ती कुठल्याही हॉटेलच्या यादीत नाही. महेश आत आला, नानांच्या समोर बसला, म्हणाला, "बरं वाटतंय?" नाना म्हणाले, "तू कशाला आलास एवढ्या लांब?" झालं. संपला अबोला.

परतताना महेश चालवत होता आणि मी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटचे आभार मानले. घोटीच्या आसपास नाना म्हणाले, "शुभदा, तू आरसा मुद्दाम टाकलास का पिशवीत?"

"काहीतरीच काय नाना!"

"तेच म्हणतोय मी. मुद्दाम कुणीच नाही टाकत. तो डॉक्टर पण चांगला माणूस आहे. पण चष्मा डोक्यावर होता ना त्याच्या. माझी छाती उघडणार. आत काम करणार. बंद करणार. बंद करायच्या आधी कोण मोजतं रे, महेश?"

महेशनं गाडी बाजूला घेतली. "नाना, एवढ्यासाठी नको म्हणत होता? आधी बोलायचं ना!"

"बोललो असतो तर हसला असतास."

महेशनं गाडी परत रस्त्यावर घेतली. हसलो असतो आम्ही, खरंच.

दुसऱ्या दिवशी नानांनी डॉक्टरांना तोच प्रश्न विचारला. मला वाटलं, ते चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी फोन करून ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरना खाली बोलावलं. सिस्टर बुटक्या, चष्म्याच्या, घाईत. नानांनी विचारलं, "बंद करायच्या आधी कोण मोजतं?"

"मी मोजते आजोबा. आणि माझ्याबरोबर दुसरी सिस्टर. सुरू करायच्या आधी एकदा, बंद करायच्या आधी परत. हत्यारं, सुया, कापसाचे बोळे, सगळं."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर सर बंद करत नाहीत. कितीही घाई असू दे."

"आणि कुणी बाहेर?"

"कुणी जात नाही हो बाहेर. सापडेपर्यंत."

नाना महेशकडे वळले. "तारीख घे," म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी आम्हाला दुपारपर्यंत होईल असं सांगितलं होतं. दुपार झाली, दार उघडलं नाही. मग चहाची वेळ झाली, तरी नाही. महेश फेऱ्या मारायला लागला. "एवढा वेळ का? काहीतरी झालंय. विचारू का? शुभदा, काहीतरी झालंय."

आणि मी, गॅस बघायला जिन्यातून परत फिरणारी बाई, त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "मोजत असतील," मी म्हटलं. खरं सांगते, मला तेव्हा तसंच वाटत होतं. दार जितका वेळ बंद होतं, तितका वेळ आत कुणीतरी घाई करत नव्हतं.

ओझरला जरूर जा. रविवारी जा, पात्याच्या बाणाकडे लक्ष ठेवा, सय्यदभाईंना नानांचा नमस्कार सांगा. हातात कुणी काही दिलं तर फोन आधी बंद करा.

संध्याकाळी दार उघडलं. त्याच सिस्टर, टोपी, गळ्यात लोंबणारा मास्क, थकलेल्या. महेश उठून पुढे गेला, पण त्या त्याला ओलांडून माझ्याकडे आल्या.

"आजोबांनी भूल द्यायच्या आधी मला सांगून ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळं नीट झालं आणि मोजणी जुळली, की बाकीचं सर सांगतील, पण सूनबाईंना आधी हे सांगा. आरसा जागेवर आहे."